लाल दोरीवरच्या भेगा

१

दार अण्णांनी उघडलं, आणि समोर बहीण दिसताच पुन्हा लावायला घेतलं.

त्यांच्या उजव्या डोळ्यावर जाड पट्टी होती आणि ती त्यांनी उजव्या हाताने दाबून धरली होती. डाव्या हाताने त्यांनी दार असं ढकललं, की आत्याने वेळीच उंबऱ्यात पाय घातला नसता तर ते तिच्या नाकावरच बसलं असतं. नाक वाचलं, बूट चेमटला.

"तुला कुणी बोलावलं?" अण्णांनी विचारलं.

"मी," मागून सुनेचा आवाज आला.

"वाटलंच. एकीने डोळा फोडला, आता दुसरी मीठ चोळायला आली." अण्णांनी डावा हात कोटाच्या खिशात कोंबला आणि बहिणीकडे पाठ करून ते आत निघून गेले.

आत्याने बूट झटकला. या घरात ती कित्येक वर्षांनी पाऊल टाकत होती, आणि स्वागत अपेक्षेपेक्षा बरंच झालं होतं. तिचं सगळं आयुष्य रबरी मालाच्या तपासणीत गेलं. पट्टे, नळ्या, टायर, जे समोर येईल ते ताणायचं, पिळायचं, तोडायचं आणि पास की नापास ते सांगायचं. एकदा समोर अण्णांच्याच कारखान्यातल्या चाकाच्या खुर्च्या आल्या. त्यांच्या चाकांवरच्या रबरी धावा तिने नापास केल्या. अण्णांनी रात्रभर आदळआपट केली आणि सकाळी बहिणीचं नाव टाकलं. तिनेही मग या घराचं नाव घेतलं नाही.

स्वयंपाकघरात सुनेने चहा विचारला नाही, खुर्चीही पुढे केली नाही. आत्या आपणच बसली.

"मलाच का बोलावलंस?"

"कारण तुम्हाला आमच्यातलं कुणीच आवडत नाही," सून म्हणाली. "मीसुद्धा नाही. सख्ख्या भावाचा माल नापास केलात तुम्ही. माझी चूक असेल तर तोंडावर सांगाल."

आत्याला ती मुलगी तिथल्या तिथे थोडी आवडली, आणि त्याचा तिला रागही आला.

सुनेने ओट्याच्या कप्प्यातून एक कापडी पुडकं काढलं. आत लाकडी मूठ होती आणि मुठीला लटकणारा, आत्याच्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या लाल रबरी दोरीचा तुकडा.

"एवढाच?"

"बाकीची दोरी माझ्या व्यायामाच्या यंत्राला तशीच लटकत होती. अण्णांना दवाखान्यात नेऊन परत आलो, तर गायब."

"आणि यंत्र?"

"कारखान्यात. किल्ली अण्णांनी काढून घेतली माझ्याकडून. चारचौघांत हात पुढे केला आणि म्हणाले, टाक इथे." सुनेचा आवाज एकदम खाली गेला. "त्या दिवशी यंत्र बघायला आलेला व्यापारी आज संध्याकाळी परत येतोय. त्याच्यासमोर अण्णा सांगणार आहेत, की यंत्राच्या रचनेतच खोट आहे. मग ते भंगारात जाईल, कारखान्याची जागा थोरल्या भाऊजींना मिळेल, आणि मी जन्मभर सासऱ्याचा डोळा फोडणारी म्हणून राहीन."

२

कारखाना घराच्या मागेच होता. दोघी खिडकीशी उभ्या राहून काचेतून आत बघत होत्या. आत चाकाच्या खुर्च्यांचे सांगाडे, कुबड्यांचे भारे, आणि मधोमध सुनेचं यंत्र होतं. एक बाक, त्याच्या डोक्याशी पोलादी चौकट आणि चौकटीला वर-खाली सरकवता येणारे हूक. हुकांना दोऱ्या अडकवायच्या, दुसऱ्या टोकाला काढता-घालता येणारी मूठ लावायची आणि ती धरून ओढायचं. जाड दोरी म्हणजे जास्त जोर, पातळ दोरी म्हणजे कमी. घडी घातली की सगळं पलंगाखाली जाणार.

"लोखंडी वजनं का नाहीत?" आत्याने विचारलं.

"वजन हातातून सुटलं तर पायावर पडतं. दोरी सुटली तर नुसती मागे जाते." आपण काय बोललो ते सुनेच्या लक्षात आलं आणि ती ओशाळली. "म्हणजे, तुटली नाही तर. अण्णांना झटका आला ना, डावी बाजू गेली, तेव्हा सुचलं मला. त्यांच्या हाताला साधा कप धरवत नव्हता. वजन कुठून उचलणार? पहिलं यंत्र मी त्यांच्यासाठीच केलं होतं."

"मग?"

"सगळ्यांसमोर म्हणाले, रबर ओढून हात बरे होत असते तर शाळेतली पोरं बेचकी खेळून पैलवान झाली असती. यंत्र खोलीत नेलं आणि त्यावर कपडे टांगले. आजही टांगतात, मुद्दाम. मी त्यांच्या खोलीत पाऊल टाकत नाही."

आत्या आतल्या भिंतीकडे बघत होती. तिथे खिळ्यांची ओळ होती आणि प्रत्येक खिळ्यावर एकेक दोरी लोंबत होती. निळ्या, पिवळ्या, लाल. सगळ्यांवर पांढरी पावडर होती. एका लाल दोरीचा खिळा तेवढा रिकामा होता.

"काम झालं की दोऱ्या उतरवतेस?"

"रोज. ताणलेली दोरी रात्रभर ठेवायची नाही, हा माझा नियम आहे. उतरवायची, सैल टांगायची, सकाळी टाल्कम चोळायची, म्हणजे चिकटत नाहीत. त्या दिवशीही चोळली होती. चोळताना बोटाने चाचपूनही बघते. कुठे चीर नव्हती."

"हुकाजवळ कोण होतं?"

"मूठ यांच्या हातात होती. व्यापारी माझ्याशेजारी. अण्णा चौकटीला टेकून. नेहमीप्रमाणे टोमणे मारत होते. यांनी एकदा ओढलं, दोनदा ओढलं, आणि मुठीजवळ तुटली. चौकटीकडचा भाग चाबकासारखा मागे गेला."

'हे' म्हणजे धाकटा, सुनेचा नवरा. त्याचा उल्लेख करताना तिच्या कपाळावर आठी पडली, ती आत्याने बघून ठेवली.

"भाऊजींनी कापली असेल," सून म्हणाली. "अर्धवट कापून ठेवली की ओढताना तुटते. त्यांचा डोळा पहिल्यापासून या जागेवर आहे."

आत्याने तुकड्यावरची पावडर रुमालाने पुसली. दोरी गुळगुळीत दिसत होती. मग तिने ती अंगठ्यावरून वाकवली आणि जोर लावून ताणली.

सून दोन पावलं मागे सरली.

दोरीच्या अंगावर शेकडो आडव्या भेगा उघडल्या होत्या. काही बारीक, काही नखभर खोल. आत्याने पकड सैल केली, तशा त्या पुन्हा मिटून दिसेनाशा झाल्या.

"कुणी कापलेली नाही ही," आत्या म्हणाली. "आणि तुझ्या खिळ्यावरचीही नाही. ही दोरी कुणीतरी कित्येक दिवस ताणून ठेवली होती."

"अहो, कसं शक्य आहे? रोज रात्री मी स्वतः..."

"तू बोटाने चाचपलीस, पण ताणून बघितली नाहीस. वर पावडर फासलीस. म्हणजे उरलंसुरलं दिसलं असतं तेही झाकलंस." आत्याने शब्द मवाळ केले नाहीत. "ती चूक तुझी. बाकीची कुणाची ते बघू."

३

थोरल्याचं जुन्या गाड्यांचं दुकान रस्त्यापलीकडे होतं. गाड्या आत मावत नव्हत्या म्हणून फुटपाथवर आल्या होत्या, आणि त्यावरून शेजाऱ्यांशी त्याचं रोज वाजत होतं.

"आत्या! अजून आहेस तू?" थोरला म्हणाला.

"आहे. तुझी निराशा झाली असेल."

"माझी कशाला? वाटणीत तू नाहीसच." तो हसला. "सरळ सांगतो. जागा मला हवी आहे. यंत्र मोडलं याचं मला दुःख नाही, अण्णांच्या डोळ्याचं आहे. आणि त्या कारखान्यात मी गेल्या वर्षभरात पाय ठेवलेला नाही. तुमच्या सूनबाईंनी मला दारातच अडवलं होतं. विचार तिला."

आत्याचं बोलण्याकडे लक्ष नव्हतं. तिच्या नाकात एक तिखट, स्वच्छ वास शिरला होता. वीज कडाडून गेल्यावर हवेला येतो तसला. एका बंद गाडीच्या काचा वर होत्या आणि मागच्या सीटवर पेटीएवढं काहीतरी गुणगुणत होतं.

"ते काय आहे?"

"वास मारायचं यंत्र. आधीचा मालक सिगारेटी ओढणारा असला, की गाडीत बसवत नाही. हे तासभर लावलं की गिऱ्हाईकाला पत्ता लागत नाही."

"ओझोन सोडतं ते."

"सोडत असेल काहीतरी. वास जातो ना?"

ज्या गोष्टीने आत्याने आयुष्यभर प्रयोगशाळेत मुद्दाम रबर मारलं, ती इथे मागच्या सीटवर बसून गुणगुणत होती. सैल पडलेल्या रबराला ओझोन सहसा त्रास देत नाही. पण तेच रबर ताणून ठेवा, तो त्याला कुरतडून काढतो, आणि भेगा पडतात त्या बरोबर आडव्या. सुनेचा नियम म्हणूनच शहाणपणाचा होता, तिला त्याचं कारण माहीत असो वा नसो.

"लाल दोरी इथे कुठे टांगली होतीस?" आत्याने विचारलं.

थोरल्याचं हसू उतरलं. "काय म्हणालीस?"

"बंद गाडी, हे यंत्र, आणि ताणलेली दोरी. थोड्या दिवसांत माणसाचा डोळा फोडण्याइतकी कुजते."

"तोंड सांभाळ, आत्या! माझ्या बापाचा डोळा आहे तो." तो इतका जोरात ओरडला, की फुटपाथवरची माणसं वळून बघायला लागली. "मला रबरातलं काय कळतं? मी गाड्या विकतो. चालती हो इथून."

आत्या चालती झाली नाही. ती भिंतीवरच्या फळीकडे बघत होती. फळीवर धूळ होती, आणि धुळीत दोन स्वच्छ चौकोन होते. त्यातली एक जागा गाडीतल्या यंत्राची होती.

"दुसरं कुठे आहे?"

"कुठलं दुसरं?"

"फळीवर दोन असायची. एक गाडीत आहे."

थोरल्याने खांद्यावरचं फडकं घेतलं आणि दोन्ही चौकोनांवरून फिरवलं. "दिलं एकाला."

"कुणाला?"

"ते मी सांगणार नाही," थोरला म्हणाला. "आणि तू शोधूही नकोस. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

४

धाकटा कारखान्याच्या पायरीवर बसला होता. किल्ली नसल्यामुळे त्याला काम नव्हतं आणि बायको बोलत नसल्यामुळे घर नव्हतं. आत्या दिसताच तो उठून उभा राहिला. या घरात तिच्यासाठी उठणारा तो पहिलाच.

"दोरीचा उरलेला भाग तू उचललास," आत्या म्हणाली.

"नाही."

"अण्णांना दवाखान्यात पोचवून पहिल्यांदा परत कोण आलं?"

"मी. पण..." धाकट्याने इकडेतिकडे पाहिलं. मग पायरीशेजारच्या कुबड्यांच्या खोक्यातून त्याने लाल वेटोळं काढलं. टोकाला हूक तसाच होता. "हूक मी बसवला होता. धार राहिली असेल, घासून रबर तुटलं असेल, असं वाटलं. एक डोळा माझ्या हातून गेला, हे कसं सांगणार होतो?"

"मग ते बायकोच्या माथी मारलंस?" हे आत्याने नाही, मागून येऊन उभ्या राहिलेल्या सुनेने विचारलं. "अण्णा मला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलत होते. तू मान खाली घालून उभा होतास. मला वाटलं, निदान बापाच्या भीतीने गप्प आहे. तू स्वतःला वाचवत होतास!"

"मी सांगणार होतो."

"कधी? यंत्र भंगारात गेल्यावर?"

"भांडण नंतर," आत्या म्हणाली. "ते कुठे पळून जात नाही." तिने हुकाच्या कडेवरून बोट फिरवलं. कडा व्यवस्थित गोल होती. "हूक चांगला आहे. दोरी मुठीजवळ तुटली, हुकाजवळ नाही. विचारलं असतंस तर मी फोनवर सांगितलं असतं. धर हे टोक."

धाकट्याने टोक धरलं, आत्याने दुसरं. दोघांनी ताणलं. भेगा उघडल्या. सबंध लांबीभर, आडव्या, एकीला चिकटून एक. मात्र मधोमध वीतभर जागेत एकही भेग नव्हती. तिथली दोरी नव्यासारखी होती.

"इथे काय झालं?" सुनेने रागातही वाकून पाहिलं.

"इथे हवा पोचली नाही. काहीतरी जाड, कायम याच जागी गुंडाळलेलं होतं." आत्याने दोरी सोडली. थोरल्याच्या गाडीत दोरीवर कोण काय गुंडाळणार? आणि कारखान्यात त्याला येऊ कोण देणार? तिने सुनेकडे वळून विचारलं, "लाल दोऱ्या किती आणल्या होत्यास?"

"एकदाच मागवल्या. जेवढे खिळे तेवढ्या, आणि एक पहिल्या यंत्राला लावलेली. तशीच गेली ती अण्णांच्या खोलीत."

"खिळ्यावरची एखादी कधी हरवली?"

"कधीच नाही."

"घरात इतर कुणी येतं? कारखान्यात?"

"अण्णा सकाळी एक फेरी मारतात," धाकटा म्हणाला. "चुका काढायला. बाकी दिवसभर दार लावून खोलीत. झटक्यानंतर डॉक्टरांनी सिगारेट बंद केली, तेव्हापासून तर फारच चिडचिडे झालेत."

"बंद केली?"

"हो. खोलीत कसलाच वास येत नाही. उलट एकदम स्वच्छ वास येतो."

आत्याने हातातलं वेटोळं घट्ट धरलं आणि घराकडे वळली. तिच्या डोळ्यांसमोर ते दार आलं, नाकावर बसता बसता राहिलेलं.

५

अण्णांची खोली उघडीच होती, आत कुणी नव्हतं. खिडकी बंद, पडदा ओढलेला. आणि तोच तिखट वास. कपाटाच्या मागे ती पेटी होती, थोरल्याच्या फळीवरची. तिच्या शेजारी काचेच्या बशीत विझवलेली थोटकं.

कोपऱ्यात पहिलं यंत्र उभं होतं. त्यावर कोट होता, शर्ट होते आणि मधोमध एक जाड टॉवेल दुमडून टाकलेला. आत्याने टॉवेल उचलला. खाली लाल दोरी होती. चौकटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तट्ट ताणलेली. तिने बोट फिरवलं तर बोटाला पांढरी पावडर लागली. दोरी नवी होती, पण तिला लावलेल्या जुन्या मुठीचं लाकूड तळव्याच्या घामाने काळंभोर झालं होतं.

"माझ्या खोलीत काय शोधतेस?"

अण्णा दारात उभे होते. आत्याने टॉवेल खाली ठेवला नाही.

"कपडे टांगण्यासाठी दोरी ताणून ठेवावी लागते, नाही का अण्णा? सैल दोरीवर कोट राहणार कसा? कुणी डोकावलं तर त्याला कपडे टांगायचा घोडाच दिसला पाहिजे."

"तो घोडाच आहे."

"घोड्याची मूठ कशी झिजली?"

"जा इथून."

"ही दोरी कारखान्यातली आहे, टाल्कमसकट. तुझी जुनी दोरी भेगाळली. ओढताना तुला दिसलं ते. मग सकाळच्या फेरीत तू खिळ्यावरची चांगली उचललीस आणि आपली सडकी तिथे टांगलीस. आणि नेमका त्या दोरीशेजारी जाऊन उभा राहिलास, टोमणे मारायला."

"थापा आहेत सगळ्या."

"व्यापारी यायचा आहे. तू सांगतोस की मी सांगू?" आत्या दाराकडे निघाली.

अण्णांनी तिचं मनगट पकडलं. इतक्या जोरात, की तिच्या हातातला टॉवेल गळून पडला. मग आत्याने मान खाली करून त्या हाताकडे पाहिलं.

तो डावा हात होता.

"या हाताला म्हणे कप धरवत नाही," ती म्हणाली.

६

संध्याकाळी अण्णांनी स्वतः कारखाना उघडला. व्यापारी बाकावर रुमाल अंथरून बसला. धाकटा आणि सून एकमेकांपासून जमेल तेवढे लांब उभे होते. थोरला दाराशी होता. जागेची मापं मनात घेऊन झाली असावीत, असा त्याचा चेहरा होता.

अण्णांचा डावा हात पुन्हा खिशात गेला होता. "यंत्र बंद," ते व्यापाऱ्याला म्हणाले. "हट्ट होता आमच्या सूनबाईंचा. रबरावर विश्वास ठेवला, डोळा गेला. हिशेब संपला."

म्हणजे तो सांगणार नव्हता. आत्याला राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. इतक्या वर्षांत तिचा भाऊ तसूभरही बदलला नव्हता. चाकं नापास झाली तेव्हाही दोष चाकांचा नव्हता, तिचाच होता.

"हिशेब मी सांगते," ती पुढे आली आणि तुटलेली दोरी तिने व्यापाऱ्याच्या हातात दिली. "ताणा. भेगा दिसल्या? या ताणलेल्या रबरालाच पडतात, आणि हवेत ओझोन असला तरच इतक्या खोल. या मुलीच्या दोऱ्या रोज सैल टांगलेल्या असतात, आणि इथे ओझोन नाही. तेव्हा ही दोरी इथली नव्हेच. सगळ्या लाल दोऱ्या मोजून आल्या. खिळ्यांवरची एकही कधी हरवली नाही. त्यांच्याबाहेर एकच दोरी उरते, पहिल्या यंत्राची."

"ते तर अण्णांच्या खोलीत आहे," धाकटा म्हणाला आणि बोलता बोलता गप्प झाला.

"मधली ही गुळगुळीत जागा बघा." आत्याने अण्णांच्या खोलीतून आणलेला टॉवेल दुमडून दोरीवर टाकला. टॉवेलची रुंदी आणि गुळगुळीत जागा बरोबर जुळली. "आणि थोरल्या, दुसरं यंत्र कुणाला दिलंस? आता सांग. नाहीतर तुझ्याच गाडीतल्या यंत्राने बापाचा डोळा गेला असं मी सांगेन."

थोरल्याने अण्णांकडे पाहिलं, मग जागेकडे पाहिलं. दोन्हींपैकी एकच वाचणार हे त्याला समजलं असावं. "अण्णांनीच मागून घेतलं," तो म्हणाला. "सिगारेटचा वास यायला नको म्हणून. मी गप्प बसायचं, आणि जागेचं ते बघणार, असं ठरलं होतं."

सून अण्णांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर रागाच्या आधी गोंधळ होता.

"तुम्ही वापरत होतात?" तिने विचारलं. "माझं यंत्र?"

अण्णांनी नजर भिंतीवरच्या दोऱ्यांकडे वळवली.

"मी खालच्या खोलीत बसून रडले होते त्या दिवशी. बेचकी म्हणालात तुम्ही. आणि दार लावून तेच ओढत होतात?"

"हो, ओढत होतो!" अण्णा ओरडले. पट्टीखालचा डोळा दुखला असावा, त्यांनी तो उजव्या हाताने दाबला. "ओढत होतो! सुनेच्या रबराने हात बरा झाला, असं घरभर सांगत फिरायचं होतं मी? रेघा दिसल्या दोरीवर. वाटलं वरवरच्या असतील, दाखवण्यापुरती चालून जाईल, आणि माझी मला चांगली मिळेल. झालं समाधान?"

"आणि तुटल्यावर?" सुनेने विचारलं. "तुटल्यावर तर कळलं होतं तुम्हाला. किल्ली घेतलीत तेव्हा कळलेलं होतं."

अण्णांनी खिशातला हात आणखी खोल कोंबला.

सून व्यापाऱ्याकडे वळली. "माझीही चूक आहे. दोरी मी ताणून तपासली नाही, नुसती चाचपली. यापुढे प्रत्येक दोरीवर कापडी खोळ असेल, तुटली तरी खोळीत राहील. आणि तपासणी ताणूनच होईल. हे आधीच करायला हवं होतं."

"ते ठीक आहे," व्यापारी म्हणाला. दोरी त्याने अंगापासून लांब धरली होती. "पण बाई, तुमच्या यंत्राने फरक पडतो कशावरून? मला दवाखान्यांना काहीतरी दाखवावं लागेल."

सुनेने अण्णांकडे पाहिलं. ती जवळ गेली नाही, आवाजही चढवला नाही.

"अण्णा, डावा हात वर करा."

"मी काय सर्कशीतला..."

"वर करा."

थोरला दारातून एक पाऊल आत आला. धाकटा अण्णांच्या खिशाकडे बघत राहिला. झटक्यानंतर डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हा हात आता असाच राहील, त्यांच्यासमोर बोलू नका. ते त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

अण्णांनी खिशातून हात काढला. मुठीत कारखान्याची किल्ली होती. हात कमरेपर्यंत आला, छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला आणि डोक्याच्या वर जाऊन ताठ उभा राहिला. जरासुद्धा कापत नव्हता. त्या चेहऱ्यावर इतका संताप होता, की बघणाऱ्याला वाटावं, हा हात आता कुणावर तरी येऊन पडणार.

"पुरे?" अण्णांनी विचारलं.

"नाही," सून म्हणाली. तिने तळवा पुढे केला, जसा त्यांनी तिच्यासमोर केला होता. "टाका इथे."

वरचा हात बराच वेळ तसाच राहिला. आत्याला वाटलं, तो आता किल्ली भिरकावेल. अण्णांच्या उघड्या डोळ्यात पाणी आलं होतं, आणि ते लपवायला उजवा हात मोकळा नव्हता. मग डावा हात सावकाश खाली आला, बोटं एकेक करून उघडली आणि किल्ली सुनेच्या तळव्यावर पडली.

तिने मूठ मिटली. आभार मानले नाहीत, पायाही पडली नाही. धाकट्याकडे न बघता ती भिंतीशी गेली, खिळ्यावरची एक लाल दोरी काढली आणि ती दोन्ही हातांनी जोर लावून ताणून बघायला लागली.

आत्या बाहेर पडली तेव्हा अण्णा पायरीवर उभे होते. खोलीतली दोरी परत द्या, असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

"पुन्हा येऊ नकोस," ते म्हणाले.

"बोलावल्याशिवाय येत नाही मी," आत्या म्हणाली. "आणि ती पेटी आजच्या आज बाहेर काढ. नाहीतर नवी दोरीही जाईल. उरलेल्या डोळ्याने तरी नीट बघ."

फाटकापर्यंत पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं. अण्णा तिथेच होते. डावा हात त्यांनी खिशात घातला नव्हता. तो त्यांना कुठे ठेवावा ते कळत नव्हतं, म्हणून नुसताच लोंबत होता.